धूर कुणाच्या खात्यात?

कसारा लोकलने जाताना खर्डीनंतर उंबरमाळी लागतं. शहापूर तालुक्यातलं हे छोटं स्टेशन. पण "प्रदूषण मोजताना सीमा कुठे आखायची?" हा संशोधनातला प्रश्न समजायला या मार्गाचा इतिहास फार कामाचा आहे.

कसाऱ्यापुढे थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत रेल्वे पोहोचली 1 जानेवारी 1865 ला. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट! इतक्या चढावर गाडी ओढायची तर वाफेच्या इंजिनाला कोळसाही तसाच लागणार. 1930 पर्यंत जीआयपी रेल्वेने इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा टाकल्या आणि घाटात धुराविना गाड्या चालू लागल्या. पण ही वीज यायची ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमधून आणि तिथेही कोळसाच जळायचा. म्हणजे फक्त घाट मोजला तर प्रदूषण शून्य. ठाकुर्ली धरली की हिशेब बदलतो.

मग विद्युतीकरण फसवं होतं का? नाही. तारेत पुढे पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची वीज सोडता येते, त्यासाठी इंजिन बदलावं लागत नाही. विमानाला ही सोय नाही. त्याला प्रवासभराचं इंधन सोबतच न्यावं लागतं.

आणि विमानाच्या बाबतीत सीमेचा घोळ आणखी मोठा आहे. मुंबई–नागपूर विमानाचं उत्सर्जन भारताच्या एकूण बेरजेत धरलं जातं. मुंबई–लंडन विमानाचं मात्र वेगळ्या ओळीत नोंदतात, ते कुठल्याच देशाच्या बेरजेत येत नाही. 1997 च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रश्न 'आयकाओ' या जागतिक विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. तिची 'कोर्सिया' योजना ठरली 2016 मध्ये, म्हणजे 19 वर्षांनी. तीही मुख्यतः वाढीव उत्सर्जनाची भरपाई दुसरीकडून करून घेते. जे कुणाच्याच खात्यात नाही, ते कमी करायची घाई कुणाला असणार?

म्हणून मित्रांनो, मुंबई–नागपूर रेल्वे आणि विमान यांची तुलना करायची असेल तर आकडे गोळा करण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: ऊर्जा कुठे तयार झाली, ती कुठे जळली आणि नोंद कुणाच्या नावावर झाली. प्रबंधात ही सीमा स्पष्ट नसेल, तर पुढची सगळी गणितं बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो.