मिठाचा वारा आणि कुंभाराचं गाढव

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस एसीच्या कॉइलवर बोलायला उभा राहिला की श्रोते चुळबुळ करतात. पण कारण म्हणजे काय, हा आमचा जुनाच प्रश्न आहे, आणि ठाण्या-डोंबिवलीत तो दर उन्हाळ्यात घरोघरी विचारला जातो. गॅस गेला. कॉइल खाल्ली. मेकॅनिक खिडकीतून बाहेर बघतो आणि म्हणतो, "काका, खाडीची हवा." हजारोंचं बिल होतं आणि चर्चा संपते. हे उत्तर कितपत खरं आहे, ते आज बघायचंय.

सुरुवात जरा लांबून करतो. 1761 साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ यांवर तो उपाय होता. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं. 1763 साली तपासलं तर तांबं ठणठणीत, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे कितीतरी ठिकाणी विरघळून गेलेले. गंमत पुढेच आहे. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे चुकून राहून गेला होता. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेच नव्हते. वीज, बॅटरी हे शब्द अजून यायचे होते. गॅल्व्हानीचे बेडूकसुद्धा पुढचे. पण निष्कर्ष बरोबर निघाला: दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी मरतो.

1824 साली हंफ्री डेव्हीने हीच गोष्ट उलटी वापरली. तांबं झिजू नये म्हणून त्याने पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं. पण तांबं विरघळतं म्हणूनच त्याच्यावर शिंपले-शेवाळ बसत नव्हतं! आता ते बसू लागलं, जहाजं मंदावली आणि काही वर्षांतच नौदलाने ते तुकडे काढायला लावले. डेव्हीचं शास्त्र चुकलं नव्हतं, पण जहाज म्हणजे नुसता पत्रा नव्हे, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

तुमच्या एसीची कॉइल म्हणजे हेच जहाज. तांब्याची नळी आणि तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ फिन्स. मीठ आणि ओल मिळाली की इथे मरतं ते अॅल्युमिनियम. तांबं उलट वाचतं. आणि मिठाला पाऊस लागत नाही. आपल्या आया मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायच्या, ते उगीच नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं.

मग ठाण्यात हे मीठ येतं कुठून? खाडीचं पाणी खारं आहे, यात वाद नाही. मिठागरं इथलीच, आणि आगरी हे नावही आगरावरूनच आलेलं. उल्हास नदीतून भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं बंदर म्हणून नाव आहे, आणि शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली तीही कल्याणच्या खाडीत. पण खारं पाणी येणं वेगळं आणि खारी हवा येणं वेगळं. हवेत मीठ चढतं ते मुख्यतः फुटणाऱ्या लाटांमुळे. खाडीत लाटा फुटत नाहीत. गोराईचा उघडा किनारा ठाणे स्टेशनपासून सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर, डोंबिवली तर 30च्या पुढे, आणि मध्ये येऊरचे डोंगर. जड तुषार किनाऱ्याजवळच पडून जातात. बारीक कण पुढे येतात, शून्य नसतात, पण वरळी-दादरचा हिशेब डोंबिवलीला लावता येत नाही.

नैयायिकांकडे यासाठी एक छान शब्द आहे: अन्यथासिद्ध. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त उदाहरण येतं ते कुंभाराच्या गाढवाचं. घडा होण्याआधी गाढव तिथे होतं, मातीही त्याने वाहिली असेल. पण म्हणून ते घड्याचं कारण होत नाही. डोंबिवलीत खारा वारा हा बऱ्याचदा हे गाढव असतो.

ओळखायचं कसं? रंगावरून. बाहेरच्या युनिटच्या फिन्सवर पांढरी भुकटी आणि त्या बोटाने चुरगळतात, तर मिठावर संशय घ्या. तांब्याची नळी काळी पडली असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड: तुंबलेला नाला, सांडपाणी, खारफुटीतला कुजणारा चिखल, कारखान्यांचा वायू. देवघरातली चांदी पंधरा दिवसांत काळवंडते का, तेही पाहा, साक्षीदार तोच. आणि घरातल्या कॉइलला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडली, तर नवं फर्निचर, प्लायवूड, व्हार्निश, फिनाइलसारखी द्रव्यं यांतून येणारी सेंद्रिय आम्लं बघावी लागतात. मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे तांब्यात होतात. त्याचा समुद्राशी काडीचा संबंध नाही.

हा फरक नुसता बौद्धिक नाही. मीठ म्हटलं की निसर्ग. कोणालाच जाब विचारता येत नाही, आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांतही वातावरणामुळे झालेली झीज बहुधा वगळलेलीच असते. गंधक म्हटलं की नाल्याला मालक आहे, चिमणीला मालक आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत डोंबिवली होती. 2014 साली इथे हिरवा पाऊस पडला, 2020 साली रस्ता गुलाबी झाला. रंगांच्या बाबतीत हे शहर पुरेसं बोलकं आहे. जी हवा तांबं काळं करते तीच आपण श्वासात घेतो; फक्त फुप्फुसाला हमीपत्र मिळत नाही.

आता उपायांचं, कारण प्रश्नोत्तरांत तेच विचाराल. बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा, वीज बंद करून, साध्या नळाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. बोअरचं पाणी खाडीकाठी मचूळ असतं, ते नको. आम्लाची पावडर तर नकोच. कॉइलवरचा लेप कारखान्यातच लावलेला घ्यावा. तो म्हणजे ‘अलार्म’चा तपकिरी कागद. मळलेल्या कॉइलवर नंतर फवारला तर मीठ आतच कोंडतं. युनिट उघड्या नाल्यावर टांगू नका. आणि त्याच्यावर मोठं छप्पर घालायची आपल्याकडे हौस असते, तीही आवरा. पावसात भिजणारी कॉइल धुतली जाते. छपराखालच्या कॉइलवर मीठ बसतं, रात्री ओलं होतं, दिवसा सुकतं, आणि ते धुणारं कोणीच नसतं.