लिसाबाईंचं चित्र

इटलीच्या भाषेत 'मोना' म्हणजे बाई. तेव्हा जगप्रसिद्ध 'मोना लिसा' म्हणजे आपल्या लिसाबाईच! फ्लॉरेन्स शहरातल्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या त्या पत्नी. लिओनार्दो दा विंची यांनी १५०३ च्या सुमारास त्यांचं चित्र लाकडी फळीवर काढायला घेतलं. अंगावर एकही दागिना नाही. हातावर हात ठेवून त्या निवांत बसल्यात, थेट आपल्याकडे बघत.

या बाई नक्की कोण, यावर पुढे फार वाद झाले. २००५ साली जर्मनीत एका जुन्या पुस्तकाच्या समासात नोंद सापडली. फ्लॉरेन्सच्या एका सरकारी कारकुनाने १५०३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की लिओनार्दो लिसा यांचं चित्र काढत आहेत. त्या एका नोंदीने नावावर शिक्कामोर्तब झालं.

म्हणून बायांनो, बचत गटाच्या वहीत 'अमक्याची बायको' नको. आपलं नाव लिहा.