कबीरवडाच्या पोटात

पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि होडीतून उतरा. नर्मदेचा गाळ पोटऱ्या धरतो, नावाडी मागून ओरडतो, पुढची बाई गाठोडं सावरताना तुमच्या पायावर पाय देते. कार्तिकी पौर्णिमा आहे. शुक्लतीर्थावर स्नान उरकलेली माणसं या बेटाकडे लोटताहेत. साल 1785च्या आसपासचं. चार-पाच कोसांवरचं भडोच सध्या महादजी शिंद्यांकडे आहे. ते राहू द्या, समोरचं रान बघा.

रान कसलं, एकच झाड आहे ते.

आत शिरा. उन्हानं तापलेली मान एकदम निवते. डोळे सरावायला वेळ लागतो, नाकाला मात्र लगेच सगळं कळतं: गोवऱ्यांचा धूर, भाजत आलेले बाजरीचे रोटले, उंटांचा उग्र दर्प. वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा. मोठाली वटवाघळं फांद्यांना उलटी लोंबताहेत आणि त्यांची शिटं नेम धरल्यासारखी पडतात. हरियाल पानांत दिसत नाहीत, नुसती शीळ ऐकू येते. कुठे ढोलकी, कुठे भजन, कुठे हरवलेल्या पोराच्या नावानं हाका. सावलीत सात हजार माणसं मावतात, असं लोक सांगतात. आज तेवढी आली असावीत.

ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स काही वर्षांपूर्वी इथली 350 मोठी खोडं आणि 3000हून जास्त लहान, अशी नोंद करून गेलाय. मुख्य खोडांभोवतीचा घेर जवळजवळ 2000 फूट. त्याचं पुस्तक 1813मध्ये निघेल. तोवर तुम्हीच मोजा. पण दोन खोडांमध्ये बांधलेल्या झोळीतलं बाळ हसतं आणि तुमची मोजणी चुकते.

मूळ खोड कुठलं? विचारून बघा. प्रत्येक जण वेगळीकडे बोट दाखवतो. एक आजी सांगते, कबीरानं दातण करून काडी रोवली, तिचा हा वड. मला या झाडाचं वेड लागतं ते इथेच. पारंबी मातीला टेकते, मूळ धरते, फुगत फुगत खोड होते आणि फांदीचा भार स्वतः घेते. मग थोरलं खोड कुजलं काय नि पुरात गेलं काय! नर्मदेनं याचे केवढाले भाग नेले, तरी झाड उरलेल्या अंगानं पसरतच राहिलं. एवढं पुरातन, आणि ही पारंबी बघा: टोक नखानं दाबा, ओलं लागतं. यंदाचंच आहे ते.

“कुठले म्हणायचे आपण?”

मराठी! शिंद्यांचा एक बारगीर. घोडं खोडाला बांधलेलं, पुढ्यात खिचडीचं पातेलं. तुम्ही पुण्याचं नाव घेता आणि तो मुळीवर सरकून जागा करतो. “बसा की मग.” वडाच्याच पानांची पत्रावळ. खिचडी धुरकट, चटका बसेल इतकी गरम, मीठ जरा कमी. वर याच सावलीत वाढलेल्या झाडाचं सीताफळ, बोटांना चिकटणारं.

पलीकडे पोरं पारंब्यांना लोंबकळून झोके घेताहेत. एक पोरगी तुमचा हात ओढते. पाळी तुमची आहे. हात पुसा, पारंबी दोन्ही मुठींनी धरा, पाय उचला, आणि खालच्या चुलीपासून जपा!