दाराबाहेरचे मूल

आमच्या मुक्ताईनगरात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत, मुक्ताई कोणाला सांगावी लागत नाही. आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरीला निघते. तरीही तिच्या चरित्रातील एक गोष्ट मला उमगली ती नातवाच्या संगणकापुढे, हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

नातू अकरा वर्षांचा. नॉर्वेतील क्रिलबाइट या संस्थेने २०१४ साली काढलेला 'अमंग द स्लीप' नावाचा खेळ तो खेळत होता. खेळ भयाचा, पण त्यात तलवार नाही, बंदूक नाही. खेळणाऱ्याने व्हायचे ते दोन वर्षांचे मूल. ते रांगते, खुर्ची ओढून दाराच्या मुठीपर्यंत हात पोचवते, आणि काळोखात आपल्या कापडी अस्वलाला कवटाळते तेव्हाच काय तो उजेड पडतो. राक्षस आला की लपायचे, एवढाच उपाय. शेवटी कळते की राक्षस कोणी परका नव्हता. आईबाप विभक्त झालेले. दारू प्यालेली आईच बाळाला तशी दिसत होती.

आमच्या वेळचा बागुलबुवा घराबाहेर असे. आईच्या कुशीत शिरले की तो संपे. या खेळातला बागुलबुवा कुशीतच बसलेला आहे.

तेव्हा मला आळंदीची ती चार भावंडे आठवली. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते संसारात परतले, आणि त्यासाठी सारे कुटुंब वाळीत पडले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, असे परंपरा सांगते. नामदेवांच्या 'आदि' प्रकरणात ही कथा आली आहे. शास्त्रार्थ, निर्णय, शुद्धिपत्र या थोरांच्या गोष्टी आपण तोंडपाठ केल्या. पण त्या रात्री घरातली धाकटी मुलगी कोठे निजली होती, हे आपण कधी विचारले नाही. परंपरेने तिचा जन्म शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९ चा.

पुढे लोकनिंदेने व्यथित झालेल्या ज्ञानदेवांनी ताटी, म्हणजे झोपडीचे कुडाचे दार, लावून घेतले, आणि मुक्ताई बाहेरून विनवीत राहिली. त्या 'ताटीच्या अभंगां'त आपण उपदेश वाचतो. तो आहेच. पण मला आता त्यामागे एक भयही ऐकू येते: आईबाप गेले, आता दादानेही दार लावले तर? या पोरीने भयाचे बोट धरूनच मोठ्या भावाला शहाणपण सांगितले. पुढे शके १२१९ मध्ये, इ. स. १२९७ साली, इथेच तापीकाठी वीज कडाडली आणि ती अंतर्धान पावली, अशी श्रद्धा आहे.

हे सारे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "आबा, तुम्ही नि धाकटे आबा केळीच्या मळ्यावरून भांडलात ना, तेव्हा मी खाटेखाली होतो. तुम्ही दार लावून घेतलं होतं."

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी भावाकडे गेलो. वाटणी अजून व्हायची आहे आणि शब्दाला शब्दही लागतो. पण आता बोलणे ओट्यावर होते, दार उघडे ठेवून.