तळं बांधील त्याची जमीन

“पैसा लावला की परदेशात कायमचं राहता येतं म्हणतात, ते खरं का?” असं गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं. खरं आहे. अमेरिकेत १९९० पासून तसा कायदा आहे. तिथल्या मागास भागातल्या धंद्यात ८ लाख डॉलर, म्हणजे आपले सहा कोटींहून जास्त रुपये लावायचे आणि १० जणांना पूर्णवेळ काम मिळवून द्यायचं. मग राहण्याचा परवाना मिळतो, आधी दोन वर्षांचा आणि अटी पुऱ्या झाल्या की कायमचा. नवरा पैसे लावत असला तरी बायकोला तिच्या नावाचं वेगळं कार्ड मिळतं. हे ध्यानात ठेवा.

काहीतरी लावा आणि इथे राहा, ही रीत आपल्या मुलखाला नवी नाही. चांद्याच्या गोंड राजांकडे जंगल भरपूर होतं, कसणारे हात कमी होते. हीरशहा राजानं जाहीर केलं, की जो जंगल तोडून शेत करील त्याला त्या जमिनीची सनद मिळेल. जो तलाव बांधील, त्याला तलावाच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. १८६९ च्या इंग्रजी बंदोबस्त अहवालात ही हकीकत आली आहे. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा भाग आजही आहे.

राजानं मागितली ती मेहनत. त्या मेहनतीतून धानाचा मुलूख उभा राहिला. तलाव बांधण्यात कोहळी लोकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते काशीकडून आले असं सांगतात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावचा बांध कोलू पाटलांचा म्हणून ओळखला जातो. पाळीवर टोपल्यांनी माती टाकणाऱ्या बायांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

पुढे १७५१ मध्ये भोसल्यांनी चांदा घेतला, मग इंग्रज आले. त्यांनी मालगुजारांना मालक केलं आणि जंगल सरकारी केलं. १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी गेली. तलाव सरकारकडे आले, त्यांनाच आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. पण जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आपला माणूस कागदावर अतिक्रमणदार ठरला.

ते बदललं २००६ च्या वनहक्क कायद्यानं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत असेल, तिच्यावर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इथे पैसा लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. ही जमीन वारसांना मिळते, पण विकता येत नाही.

आणि बायांनो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं कायद्यातच लिहिलं आहे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. गावाच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्याच.

तुकूमच्या काळात माती वाहिली तिचं नाव राहून गेलं. आपल्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. आज घरी पट्टा काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. नाव नसेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत पट्टा घेऊन या. ग्रामसभेपुढे अर्ज आपण मिळून लिहू.