योसेफाचा पंचमांश आणि इंदापूरची जमाबंदी

बायबलातील योसेफाची कथा मुलूख चालविणाऱ्या प्रत्येक अंमलदाराने अभ्यासावी अशी आहे. कारण सुबत्तेच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविण्यासाठी फारोने नेमलेला हा तरुण कारभारी प्रथम सारा मिसर देश स्वतः हिंडून आला, हे तीत आवर्जून नोंदलेले आहे.

इंदापुरात नेमके उलट घडले. पेशवाई बुडाल्यानंतर रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी १८२७ च्या सुमारास जी मोजणी आरंभिली, तीत मशागतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा सरकारचा ठरला. हिशेब तर्कशुद्ध होता. परंतु शेताशेताचे आकडे भरणाऱ्या कारकुनांच्या लाचलुचपतीस आवर नव्हता, आणि त्यातच धान्याचे भाव कोसळल्यामुळे रयत शेते पडीक टाकून परागंदा होऊ लागली. पुढे गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी ते गणित बाजूस सारून, काळी, तांबडी, बरड अशी मातीची प्रत पाहून १८३६ मध्ये सारा उतरविला व तो ३० वर्षे वाढणार नाही असे अभय दिले. तेव्हा ओसाड रानांत पुन्हा नांगर फिरला. आपले देणे किती हे कुणब्याला पेरणीपूर्वी कळावे, यापरते राज्यकर्त्याचे मोठे कर्तव्य मला दिसत नाही.

मात्र योसेफाच्या कथेचा उत्तरार्ध कठोर आहे. दुष्काळ लांबला तशी मिसरच्या लोकांनी धान्यासाठी प्रथम रोकड दिली, मग गुरे, आणि अखेर जमिनी व स्वतःचे देहही फारोच्या हवाली केले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठार मोल न घेता लुटविले, अशी आपल्याकडील परंपरा आहे. तिच्या शेजारी योसेफ कर्तबगार खरा, पण दयेत उणा वाटतो.

इंदापूर-सुपे भागातही तीच उतरंड आली, फक्त फारोच्या जागी सावकार होता. कापसाच्या तेजीनंतर सारा वाढला, भाव पडले, रोख्यांवर रोखे चढले. आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात, जे गाव आज बारामती तालुक्यात आहे, रयतेने सावकारांची दुकाने लुटली. दंगा पसरला तेथे लोकांनी बहुधा कर्जरोखेच मागितले आणि हाती येताच जाळले. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास देणारा कायदा १८७९ मध्ये झाला. तोवर १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता.