शिदोरीतलं पाणी



यंदा मे महिन्यात माझी लेक आठ दिवसांच्या ट्रेकला निघाली. सगळं सामान स्वतःच्या पाठीवर. म्हणून तिनं सुकवलेल्या जेवणाची पाकिटं आणली. गरम पाणी ओतलं की पुलाव तयार, वजन मूठभर. मी पाकीट उलटं करून वाचलं : कांदा पावडर, लसूण पावडर, बटाटा. दुसरं पाहिलं, तेच. लेक वैतागून म्हणाली, "आई, मग आपली माणसं महिनोन्‌महिने चालत यात्रेला जायची, ती काय खायची?"

प्रश्न बरोबर होता. उत्तराची सुरुवात आमच्याच स्वयंपाकघरात सापडली. कपाटाच्या दाराला आतून सासूबाईंनी चिकटवलेला मर्यादेचा कागद आहे. आपल्या दिगंबर घरांत बहुतेकींना तो पाठ असतो. वरण-भात सहा तास. पोळी बारा तास. मोहन घालून तळलेलं चोवीस तास. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पाण्याचा थेंबही नसलेल्या लाडवाला पिठाचीच मर्यादा.

इतकी वर्षं मी हा कागद नियम म्हणून वाचला. या वेळी वरून खाली वाचताना लक्षात आलं, हा तर पाण्याचा हिशेब आहे. पदार्थात पाणी जितकं जास्त, तितकी मर्यादा कमी. हवेत ओल असेल त्या ऋतूत ती आणखी कमी. ओल आली की जीवोत्पत्ती होते, हा त्यामागचा विचार. पाठीवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून हे कुणी ठरवलं नव्हतं, जीव वाचावेत म्हणून ठरवलं. पण ज्यात पाणी नाही ते टिकतं, आणि तेच हलकंही असतं.

वाटेवरचे हाल खरे होते. कवी बनारसीदासांनी 1641 मध्ये 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात हिरानंद मुकीम यांनी प्रयागहून सम्मेद शिखरजीला नेलेल्या संघाची हकीकत आहे. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्या संघात होते. परतीच्या वाटेवर बरेच यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले. पुढे 1871 मध्ये गिरिडीहपर्यंत रेल्वे आली आणि शिखरजी जवळ आलं. तोवर यात्रेला निघणं म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच निघणं.

आपल्या भागातली मोठी पदयात्रा म्हणजे आचार्य शांतिसागर महाराजांच्या संघाची. महाराज बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. 1927 साली कुंभोजच्या बाहुबलीहून संघ निघाला आणि 1928 मध्ये शिखरजीला पोहोचला. मुंबईच्या शेठ पूनमचंद घासीलाल जव्हेरींनी व्यवस्था उचलली होती. आता त्यातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेणार. त्यासाठी चौका शुद्ध हवा, पाणी गाळलेलं हवं, पीठ मर्यादेतलं हवं. घरून दळून नेलेलं पीठ फार तर सात दिवस चालणार आणि प्रवास तर महिन्यांचा. म्हणजे सोबत न्यायचं ते धान्य, आणि मुक्कामाच्या जागी दळण. अखंड दाण्याला पिठाची मर्यादा लागत नाही.

लेकीचं गणित इथेच सुटलं. उन्हाळा असल्यानं पीठ पाच दिवस, ट्रेक आठ दिवसांचा. पहिल्या पाच दिवसांसाठी निघायच्या आदल्या दिवशी डाळ दळून तुपातले बेसनाचे लाडू केले. पुढच्या तीन दिवसांसाठी दाणेच दिले. तांदूळ आणि मूगडाळ निवडून, उन्हात खडखडीत करून पुड्या बांधल्या. एका वेळेला साठ ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम डाळ. सोबत मीठ, अख्खं जिरं, मिरे, आमसुलं. शेगडी त्यांच्याकडे होतीच. पाण्यासाठी दुहेरी गाळणं दिलं आणि बजावलं, गाळून मग उकळ, आणि गाळण्यावरचं पाणी त्याच झऱ्यात सोड. खिचडीला लागणारं पाणी डोंगरावरच मिळणार होतं. ते घरून कशाला वाहायचं?

पुड्या बांधताना एक गोष्ट मनात सलत राहिली. संघपतींची नावं ग्रंथांत आहेत, शिलालेखांत आहेत. दळण कुणी दळलं, गाळणी कुणी धुतली, त्यांची नावं कुठेही नाहीत. आमच्या सासूबाईंनी अर्ध्या गावाच्या यात्रांची शिदोरी बांधली. स्वतः शिखरजी पाहिलं ते साठी उलटल्यावर. सत्तावीस किलोमीटरची वंदना त्यांनी अनवाणी, उपाशीपोटी केली. आल्यावर म्हणाल्या, "जन्मभर सगळ्यांच्या खाण्याचा विचार केला. त्या दिवशी कुणाच्याच खाण्याचा नव्हता."

लेक परत आली. सॅक रिकामी करताना डब्यात दोन लाडू निघाले. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "सहावा दिवस लागला होता गं." मर्यादा पाळ असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. कागद मात्र निघताना तिनं मोबाइलमध्ये टिपून घेतला होता.

मैत्रिणींनो, तुमच्या आजीनं, सासूनं, मावशीनं यात्रेची शिदोरी कशी बांधली होती ते त्यांना विचारा. लिहून ठेवा, आणि खाली त्यांचं नावही घाला.